तुमकू क्या कमी हय?

आम्ही उर्दू शाळेतले मास्तर. आमचे इंग्रजी बी.एड.पुरते. तरी मित्राने दिलेले शाहीन भट यांचे 'आय हॅव नेव्हर बीन (अन)हॅपियर' हे 2018 साली निघालेले पुस्तक डिक्शनरी उशाशी घेऊन महिनाभर वाचले. शाहीन म्हणजे महेश भट यांची मुलगी, आलियाची थोरली बहीण. मुंबईत वाढलेल्या. घरात पैसा, नाव, माणसे, सगळे होते. तरी बाराव्या-तेराव्या वर्षीच नैराश्य मागे लागले. निदान व्हायला अठरावे वर्ष उजाडले.

वाचताना सारखी आमची आपा डोळ्यांसमोर येत होती. ती इथे वालूरलाच दिलेली. नवरा कष्टाळू, मुले गुणी. चार वर्षांपूर्वी तिचे काहीतरी बिघडले. तवा तापून लाल व्हायचा आणि हिचा हात पिठात तसाच. रात्रभर जागी. विचारले तर म्हणायची, "कुछ नहीं रे, जी नहीं लगता."

घरात शिकलेले आम्ही. म्हणालो, "आपा, तुमकू क्या कमी हय? नमाज पढो, शुक्र करो." अम्मीने दम केलेले पाणी पाजले, तावीज बांधला. आपा गप्प झाली. आम्हाला वाटले, बरी झाली.

सगळे असून दुःखी असण्याची लाज शाहीन यांनाही होती, हे वाचले आणि चपापलो. आमचा प्रश्न म्हणजे दिलासा नव्हता, आरोप होता. मलेरिया झालेल्याला आपण 'तुला काय कमी आहे' असे विचारतो का? हजरत याकूब अलैहिस्सलाम यूसुफच्या गमात रडून रडून दृष्टी गमावून बसले. त्यांचे ईमान कमजोर होते, असे कोण म्हणेल? नमाजेचा आधार मोठाच. पण दवा करणे हीदेखील सुन्नतच आहे.

जुम्म्याची नमाज आटोपून आपाकडे गेलो. म्हणालो, "माफ करना आपा. कैसा लगता, बोलो. मैं सुनतूं."

बऱ्याच वेळाने ती बोलली. त्या वर्षी दोनदा ती बारवेवर जाऊन बसली होती. धाकट्याची शाळा सुटायची वेळ झाली म्हणून उठून आली. वालूरची ती गोल फिरत खाली उतरणारी बारव आम्ही पाहुण्यांना हौसेने दाखवतो.

आता परभणीच्या डॉक्टरांची गोळी सुरू आहे. काही दिवस बरे जातात, काही नाही. आम्ही वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात 14416 लिहून ठेवला आहे. 'टेली मानस' ही सरकारची 2022 पासूनची मोफत हेल्पलाइन, मराठीतही बोलतात. मुले विचारतात, "सर, ये किसका नंबर हय?" आम्ही सांगतो, "जी नहीं लगा तो लगाने का."