मधले आजोबा

2023 च्या शेवटी बीड जिल्ह्यात घरोघरी वंशावळी लिहिल्या जात होत्या. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू होतं, कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली जात होती आणि मोडी किंवा उर्दू वाचता येणाऱ्या माणसाला कधी नव्हे तो भाव आला होता. आमच्या घरच्या वंशावळीत आजोबांना एकच भाऊ. 1954 च्या खासरा पत्रकात मात्र तिघांची नावं निघाली, एकाखाली एक, एकाच हातानं लिहिलेली. पुढच्या फेरफारात दोनच उरतात. मधल्या भावाच्या नावापुढं ना मयत असा शेरा, ना हक्कसोडीचा कागद.

थोरल्या आत्याला विचारलं. ती बराच वेळ वाती वळत बसली आणि मग म्हणाली, "त्याला जालन्याला ठेवलं व्हतं. आधी सैलानीला नेलं, गुण आला न्हाई." थोडं थांबून म्हणाली, "आता पोरींच्या सोयरिकी व्हायच्यात. कशाला उकरून काढतूस?"

सैलानीच्या दर्ग्यात माणूस नेला त्याची फाइल कुठं असणार? जालन्याचं तसं नाही. निजामाच्या राज्यातलं मनोरुग्णालय जालन्यात होतं, आणि बीड त्याच राज्यात. गेवराईच्या पुढं शहागडला गोदावरी ओलांडली की जालना फार लांब राहत नाही. घरचं कुणी भाकरी बांधून भेटायला जाऊ शकेल, एवढंच ते अंतर. 1953 मध्ये हे रुग्णालय हैदराबादेत एर्रागड्ड्याला गेलं. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि रुग्णालय आंध्र प्रदेशात राहिलं. पुढं बीडकडच्या रुग्णाला येरवड्याची वाट दाखवली जाऊ लागली. पण त्याआधी जे आत होते, त्यांचं काय? मधले आजोबा तोवर हयात असतील आणि बाकीच्यांबरोबर त्यांनाही हलवलं असेल, तर त्यांचं गाव एका राज्यात आणि त्यांची खाट दुसऱ्यात. भोवती बोलली जाणारी भाषा तेलुगू नाहीतर दखनी. त्यांच्या आजारापेक्षा ही गोष्ट मला जास्त छळते.

कागद शोधायचा तर आधी साल नीट लावावं लागतं. निजामी दप्तर उर्दूत आणि तारखा फसली. फसली सालात 590 मिळवले की इसवी सन येतो. 1357 फसली म्हणजे 1947-48, पोलीस अॅक्शनचं वर्ष. महिने अजूर, दै, बहमन असे. गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी आमचे कागद भिंगातून वाचून दिले आणि वाचता वाचता मला अक्षरओळखही करून दिली. एका कार्यालयात कारकुनानं सरळ विचारलं, "जमिनीचा वाद आहे का?" असे कागद दुसऱ्या कशासाठी कुणी मागत नसावं. प्रश्न मला लागला, कारण तो चुकीचा नव्हता. आजारामुळं वारसाहक्क जात नाही, हे 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात स्पष्ट आहे. तरी आमच्या सात-बारावरून एक माणूस गेला. मधल्या आजोबांविषयी घरात पाळलेलं मौन निव्वळ लाजेचं होतं, असं मला आता वाटत नाही. त्यात काही एकर काळी जमीनही होती.

मग प्रश्न येतो माझ्या हक्काचा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आपले कागद मागायचा हक्क रुग्णाला दिला आणि त्याची माहिती गुप्त ठेवायचं बंधनही घातलं. माहिती अधिकार कायदा म्हणतो, 20 वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती मोजके अपवाद सोडता द्यावी. या दोहोंच्या मध्ये नातवानं कुठं उभं राहायचं? न्यूयॉर्क राज्यातलं विलर्ड मनोरुग्णालय 1995 मध्ये बंद झालं, तेव्हा माळ्यावर रुग्णांच्या सुमारे चारशे सुटकेसा सापडल्या. आतल्या वस्तूंची प्रदर्शनं झाली, पुस्तक निघालं, पण रुग्णांची खरी पूर्ण नावं छापता आली नाहीत. आमच्याकडं उलटं आहे. नाव तेवढं हातात आहे, बाकी काहीच नाही. घर सोडताना त्यांनी बरोबर काय नेलं असेल? पटका, घोंगडी?

मी अर्जात निदान मागितलेलं नाही. त्या काळच्या डॉक्टरनं कोणता शिक्का मारला, हे कळून माझ्या पोरींचं काही अडलेलं नाही, आणि ते मला सांगावं असं मधले आजोबा कधी म्हणाले नव्हते. मी विचारलंय ते एवढंच: भरतीची तारीख, आणणाऱ्याचं नाव, भेटायला कुणी आल्याची नोंद, मृत्यूची तारीख आणि माती कुणी दिली. यातलं भेटीचं कलम लिहिताना माझा हात अडखळला. तिथं माझ्या आजोबांचं नाव निघावं, असं फार वाटतं.

रुग्णालयानं रुग्णाचे कागद तीन वर्षं सांभाळावेत, एवढीच वैद्यक परिषदेच्या नियमाची अपेक्षा. सत्तर वर्षांपूर्वीचं रजिस्टर वाळवीनं सोडलं असेल याचा भरवसा नाही. म्हणून उत्तराची वाट बघत न थांबता घरात एक गोष्ट ठरवली. यंदा पित्रपाटात त्यांच्या नावानं पान वाढायचं. तिथी ठाऊक नाही, म्हणून सर्वपित्रीला. हे आत्यानंच सुचवलं. चुलतभावाला मात्र ते पटलेलं नाही. तो म्हणतो, आज पान वाढलं तर उद्या कुणीतरी वाटा विचारील. मी त्याला म्हटलं, विचारू दे.