मध्यरक्षकाचा भाव

प्रो कबड्डीच्या येत्या हंगामासाठी फँटसी संघ काढताना चढाईपटू निवडणं तुलनेनं सोपं जातं. ज्याच्यावर संघाच्या चढायांची भिस्त, त्याला संधी मिळणारच. खरी कसोटी लागते ती मध्यरक्षक, म्हणजे कव्हर निवडताना. त्याच्या गुणांत शेजाऱ्याचा वाटा मोठा असतो, त्यामुळे गेल्या हंगामाचा आकडा पाहून त्याला घेणारा हमखास फसतो. म्हणून कव्हर जोखताना मी गुण नंतर पाहतो. आधी पाहतो ती त्याला मिळणारी संधी.

एक पकड जवळून पाहा. चढाईपटू बोनससाठी पाय टाकतो, डावा कोपरारक्षक झेप घेऊन घोटा धरतो. चढाईपटू वळतो आणि मध्यरेषेकडे अंग झोकून देतो. त्याच क्षणी कव्हर खांदा लावून त्याची वाट अडवतो. पकड सुरू केली कोपऱ्यानं, म्हणून गुण कोपऱ्याचा. कव्हरनं अडवलं नसतं तर चढाईपटूचा हात रेषेला लागलाच असता, पण गुणपत्रकात कव्हरच्या नावापुढे काहीच पडत नाही. पेण-रोह्याकडच्या गावच्या स्पर्धा पाहत वाढलेल्या प्रेक्षकाला हे सांगावं लागत नाही. मैदानाला खेटून बसलेला माणूस पकड कुणी केली याबरोबर साथ कुणी दिली हेही बघतो. 2015 मध्ये यू मुंबा विजेता ठरला तेव्हा कोपऱ्यांवर सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर होते, पण त्यांना बिनधास्त झेपावता आलं ते मध्ये विशाल माने आणि जीवा कुमार उभे होते म्हणून.

तेव्हा कव्हर निवडताना मी तीन गोष्टी तपासतो. पहिली, त्याच्या बाजूचा कोपरारक्षक तोच आहे का, कारण जोडी तुटली की वेळेचा अंदाज चुकतो. दुसरी, तो सुरुवातीच्या सातांत पक्का आहे का, आणि बाद होऊन बाहेर किती बसतो. तिसरी, संघ कसा हरतो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना केलेल्या अव्वल पकडीला जादा गुण मिळतो, त्यामुळे पडत्या संघाच्या बचावपटूला ही संधी जास्त येते. मात्र तो स्वतःच आधी बाद होत असेल तर त्याला त्या संधीचा उपयोग नाही.

यावर कुणी म्हणेल, शेवटी आकडाच खरा; बाकी सगळा अंदाज. आकडा खराच आहे, पण तो झाल्या गोष्टींचा हिशोब असतो. 2018 मध्ये यूपी योद्धाच्या नितेश कुमारनं एका हंगामात पकडीचे 100 गुण मिळवले, आणि तिथवर पोहोचलेला तो पहिलाच. पुढच्या हंगामात त्याच संघातून, त्याच कोपऱ्यावर खेळूनही त्याला शंभरी गाठता आली नाही. खेळाडू तोच असताना गुण हलत असतील, तर शेजाऱ्यावर विसंबलेल्या कव्हरचे किती हलतील?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मग मोहम्मदरेझा शादलूसारखा अष्टपैलूच का घेऊ नये? पकडही करतो, गरज पडली तर चढाईलाही जातो. जरूर घ्यावा. पण पुणेरी पलटननं लिलावात त्याच्यासाठी 2 कोटी 35 लाख मोजले तेव्हाच त्याचं मोल सगळ्यांना कळलं होतं. जे सगळ्यांना ठाऊक आहे, त्याच्या जोरावर चार मित्रांत पुढे जाता येत नाही. फरक पडतो तो स्वस्तात मिळणाऱ्या, पण कोपऱ्याशी जमलेल्या कव्हरमुळे.

2025 च्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, हे चांगलंच झालं. आता संघ काढायचा तो खेळ कळतो म्हणून. आणि ज्याला साथ देणारा दिसतो, त्यालाच कबड्डी कळते.