आधार काढताना

हात धुणं हे एक काम नाही, निदान आठ कामं आहेत. नळ सोडायचा, हात भिजवायचे, साबण घ्यायचा, चोळायचा, जागेवर ठेवायचा, फेस घालवायचा, नळ बंद करायचा, हात पुसायचे. स्वमग्न मुलांना शिकवताना मला ही कामं सुटी करून मांडावी लागतात, आणि सुरुवात बहुधा शेवटाकडून होते. आधीचं सगळं मुलाचा हात हातात घेऊन करवायचं. पुसणं तेवढं त्याचं त्यानं. काम पुरं केल्याचा मान त्याला मिळतो. मग एकेक पायरी मागे सरकायचं.

काम झालं की लगेच बक्षीस. ते कोणतं, हे मूल ठरवतं. टाळ्या आणि ‘व्हेरी गुड’ काहींच्या कानांना बोचतात. कुणाला साबणाचे फुगे हवेत, कुणाला चार कुरमुरे, तर कुणाला नुसती भिंगरी फिरताना बघायची असते.

खरं कसब आधार काढण्यात आहे. आधी पूर्ण हात धरायचा, मग मनगट, मग कोपराला नुसता स्पर्श, मग बोट दाखवायचं, मग काहीच नाही. तोंडी सूचना मी होता होईल तो टाळते, कारण शब्द चिकटून बसतो. “आता नळ बंद” असं कुणी म्हणेपर्यंत पाणी वाहू देत शांत उभी राहणारी मुलं मी पाहिली आहेत. शिवाय इंदिरानगरात माझ्या खोलीवर जमलेलं घरी जमेलच असं नाही. इथला नळ फिरवायचा, पाथर्डी फाट्याकडच्या नव्या फ्लॅटमधला दांडी उचलायचा. मुलाच्या लेखी ती दोन वेगळी कामं. म्हणून आयांकडून घरच्या नळाचे फोटो मागवते आणि पायऱ्यांची चित्रं त्यावरूनच करते.

या पद्धतीला इतिहास आहे आणि तो सगळा गोड नाही. अमेरिकेतल्या ओले इवार लोवास यांनी १९८७ साली आपला गाजलेला अभ्यास छापला. आठवड्याला चाळीस तास शिकवणी, आणि १९ पैकी ९ मुलं नेहमीच्या शाळेत पहिली पार करून गेली. पालक हा आकडा घेऊन येतात. (चाळीस तास इथे परवडणार कुणाला?) त्याच प्रयोगात मुलांवर ओरडणं आणि मांडीवर चापट मारणंही होतं, ते क्वचितच कुणाला ठाऊक असतं. आम्हाला शिकवलं नाही, वाकवलं, असं अनेक मोठ्या झालेल्या स्वमग्न व्यक्ती आज सांगतात. मला ते पटतं. तरी पायऱ्या मी सोडलेल्या नाहीत, कारण स्वतःचे हात धुता येणं, संडासला एकट्यानं जाता येणं हे त्या मुलाच्या कामाचं आहे. हात फडफडवणं थांबवणं मात्र फक्त बघणाऱ्यांच्या सोयीचं. “शेजारी बघतात, तेवढं बंद करा,” म्हणणाऱ्या आजोबांना मी चहा देते. वहीत ते उद्दिष्ट लिहीत नाही.

न बोलणाऱ्या मुलाला मी देते त्या पहिल्या चित्रकार्डांत ‘नको’ असतंच. ते पुढे आलं की धडा थांबतो. काही पालकांना हे लाड वाटतात. पण ज्याला नको म्हणता येत नाही, त्याच्याकडून कुणीही काहीही करवून घेऊ शकतं.

मुलासाठी शिक्षक शोधत असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी जरूर विचारा. त्याबरोबर हेही विचारा, की मूल ‘नको’ म्हणालं तर तुम्ही काय करता? आणि एक तास आत बसून बघू द्या म्हणावं. नाही म्हणाले, तर फी भरू नका.