तांब्यातली प्रवरा

आमच्या आईने वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हता. नेवाशाच्या माणसाने समुद्र पाहिला नाही, यात नवल ते काय! आमच्याकडे पाणी म्हणजे प्रवरा, नाही तर उसाला जाणारा पाट. पण मी पडलो मराठीचा प्राध्यापक, आणि तोही नेवाशाचा. येथेच पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली. त्या ग्रंथात समुद्राच्या उपमा ठायी ठायी येतात. वर्गात मी त्या रंगवून सांगतो. एकदा माझी टिपणे चाळता चाळता आई म्हणाली, "अरे, मुलांना समुद्र शिकवतोस. मला नुसता दाखव की!"

बोलणे हसण्यावारी गेले. मनातून मात्र जाईना. अडचण होती तिच्या गुडघ्यांची. लॉजचे जिने तिला चढवत नाहीत आणि दर दोन तासांनी पाठ टेकावी लागते. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा "श्रीमंतांचे चोचले" म्हणून मी नाक मुरडले होते. गेल्या कार्तिकात तेच नाक मुठीत धरून पुण्याहून एक कॅरॅव्हॅन भाड्याने आणली. आत दोन पलंग, शेगडी, मोरी, एवढेसे कपाट. सौ.ने पिठाचा डबा चढवला, मुलीने पुस्तके. आईने फडक्याने तोंड बांधलेला एक तांब्या तेवढा मांडीवर घेतला.

नेवासे फाट्यापाशी ऊसतोडणी कामगारांच्या बैलगाड्या लागल्या. गळीत हंगाम सुरू होत होता. गाडीवर भांडी, पाचुंदा, कोंबड्या आणि सर्वांत वर पोरे. आई खिडकीतून बघत राहिली. "चालती घरं तीही, आणि हेही," ती म्हणाली. "आपण मात्र वाटेल तेव्हा माघारी फिरू." त्यावर मला काही बोलता आले नाही.

पुणे, पौड करीत मुळशीच्या जलाशयाकडेने आम्ही ताम्हिणी घाटात शिरलो. आमच्या दुष्काळी डोळ्यांना ते रान सोसेना! हिरडा, जांभूळ, अंजनी, ऐन. बुंधा पाहावा तर शेंडा दिसत नाही आणि शेंड्याकडे मान वळवावी तर वळण येते. दरीच्या बाजूला आमचे घर कलले की शेगडीवरचा टोप सरके आणि सौ. देवाचे नाव घेई. मी मुलीला सांगत होतो, की १९५४ ते ५६ च्या दरम्यान डॉ. सांकळियांनी नेवाशाला उत्खनन केले, तेव्हा रोमन मद्यकुंभांच्या खापऱ्या निघाल्या. त्या समुद्रावाटेच आलेल्या. त्या काळी कोकणातल्या बंदरांवरून व्यापाऱ्यांचे तांडे नाणेघाट चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला जात. "म्हणजे खापरंसुद्धा माझ्या आधी समुद्र पाहून आली!" आई म्हणाली.

माणगाव, म्हसळा मागे टाकून हरिहरेश्वरला पोचलो तेव्हा रात्र झाली होती. एका ओळखीच्या नारळी-पोफळीच्या वाडीत गाडी उभी केली. त्रिपुरी पौर्णिमेचे चांदणे होते, पण मध्ये झाडे. समुद्र नुसता ऐकू येत होता. आई बराच वेळ जागी होती.

प्रदक्षिणेची वाट डोंगराच्या कपारीतून पायऱ्यांनी थेट खडकांवर उतरते आणि ओहोटीलाच मोकळी असते. ओहोटी सकाळी सातच्या सुमारास होती. वाडीच्या मालकांनी बजावले, "आजी, पाणी चढायच्या आत वर या हां." एकेक पायरी बसून, माझ्या खांद्यावर भार टाकून आई उतरली. कपार संपली आणि एकदम समोर समुद्र! लाटांनी खाऊन जाळी पाडलेले काळे कातळ, त्यांवर फुटणारा फेस, आणि पलीकडे नुसते पाणी. माझ्या तोंडाशी एक उपमा आली होती. आईचा चेहरा पाहिला आणि ती गिळून टाकली.

प्रदक्षिणा काही झाली नाही. गुडघे पुढे जाईनात. ती एका कातळावर बसली आणि तांब्याचे फडके सोडले. मला वाटले, तहान लागली असेल.

"प्रवरेचं आहे," ती म्हणाली. "निघायच्या दिवशी पहाटे घाटावरून मागवलं होतं."

प्रवरा उगम पावते रतनगडाजवळ, सह्याद्रीत. मावळतीचा समुद्र तिथून किती जवळ! पण ती त्याच्याकडे पाठ फिरवून उगवतीला वाहते आणि प्रवरासंगमाला गोदावरीला मिळते.

"हिला इकडचा समुद्र कुठून दिसायचा? म्हटलं, आलोच आहोत तर हिलाही आणावी."

तिने तांब्या हळूच लाटेत रिता केला. पाणी चढू लागले होते. आम्ही परत वळलो. मी सहज विचारले, "आई, तांब्या भरून घेऊ का?"

"नको रे. खारं पाणी तिला कशाला? तिचं पाहून झालं."

आणि माझा खांदा धरून ती पहिली पायरी चढली.