तासगावच्या पेटीतली पलटण

सांगलीहून एस.टी.ने आम्ही तासगावला उतरलो. द्राक्षांचा हंगाम होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मांडव, मधूनच बेदाण्याची शेड. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या गणपती मंदिराचे सात मजली गोपूर पाहायला प्रवासी थांबतात. आम्ही मात्र जवळच्या एका खेड्यातल्या बुद्धविहाराकडे निघालो. तिथे एक निवृत्त हवालदार आमची वाट पाहत होते.

"जयभीम! बसा. आधी पाणी घ्या," ते म्हणाले आणि तांब्या पुढे केला.

मग त्यांनी लोखंडी पेटी उघडली. वरच वडिलांचे लष्करी डिस्चार्ज-बुक होते. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभारली आणि गरज संपताच १९२१ ला मोडून टाकली. सुभेदार रामजींच्या पुत्राने, पूज्य बाबासाहेबांनी, हा प्रश्न लावून धरला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. त्या काळी तासगाव सातारा जिल्ह्यात होते. हवालदारांचे वडील मिरजेहून रेल्वेने बेळगावला गेले ते भरती होऊनच परतले.

३ सप्टेंबर १९४२ ला तासगावच्या कचेरीवर मोठा मोर्चा गेला, तिरंगा लागला. "आबांना छावणीत कळलं. म्हणायचे, अंगावर सरकारची वर्दी आणि जीव गावात, काय करणार?" १९४७ साली त्यांची पलटण पंजाबात निर्वासितांच्या तांड्यांचे रक्षण करत होती.

पुढे आबा नाईक झाले. दंडावर दोन फिती लावून रजेवर आले, चहाला बसले. दुकानदाराने खुंटीवरची वेगळी कपबशी काढली. आबा न बोलता उठले. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी गावात विकतचा चहा घेतला नाही.

हवालदार थोडे थांबले. मग पेटीतून निळी टोपी काढली. १९९३ मध्ये राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत भारताची ब्रिगेड सोमालियाला गेली. त्यात महार रेजिमेंटची पलटण होती आणि पलटणीत हे होते.

"दुष्काळ आणि टोळ्यांची मारामारी. आपल्या लोकांनी तिथं विहिरी खोदल्या. मी विहिरीवर पहारा द्यायचो. कोण कुठल्या टोळीचा, विचारायचं नाही. रांगेत यायचं, पाणी न्यायचं. एक म्हातारी आली, भांडं भरलं आणि पहिल्यांदा माझ्यापुढं धरलं. मी प्यालो. डोळ्यांपुढं आबा आले."

१९९४ अखेर ब्रिगेड परतली. काही जवान आणि डॉक्टर मात्र तिथेच कामी आले. "त्यांच्या घरी पेटीच तेवढी आली," हवालदार हळूच म्हणाले.

दारात उभा असलेला नातू हे सारे प्रथमच ऐकत होता. "आजोबा, हे कधी सांगितलं नाही?"

"कुणी विचारलंच नाही, बाळा."

आमच्या मनाला हे लागले. बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या त्या पलटणीत आज सर्व जातिधर्मांचे जवान आहेत. १९८७ मध्ये श्रीलंकेत शहीद झालेल्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्यामुळे तिच्या नावावर परमवीरचक्रही आहे. तो इतिहास पुस्तकात सापडेल. पण खुंटीवरची कपबशी आणि सोमालियातले ते भांडे कुठल्याही पुस्तकात नाही.

आपल्या घरातही अशी एखादी पेटी असेल. वाळवी लागण्याआधी ती उघडा. म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि वहीत लिहून ठेवा.