संस्कृत शंभराचं की पन्नासाचं?

सातवीचा निकाल लागला की सोलापुरातल्या आमच्या पिढीपुढे पहिला मोठा प्रश्न यायचा : आठवीला संस्कृत शंभराचं घ्यायचं की पन्नासाचं? शंभराचं म्हणजे पूर्ण संस्कृत, हिंदीला रामराम. पन्नासाचं म्हणजे संयुक्त, अर्धी हिंदी आणि अर्धं संस्कृत. तिसरी वाट पूर्ण हिंदीची. ती धरणाऱ्याकडे बघायची शाळेत एक खास नजर होती आणि ती काही कौतुकाची नव्हती. प्रश्न आमच्यापुढे यायचा असं मी म्हणतो खरं, पण उत्तर कुणी आमच्याकडून मागत नसे. वर्गशिक्षक सातवीचे गुण बघून तुकड्या पाडायचे. ‘अ’ तुकडी पूर्ण संस्कृत, ‘ब’ संयुक्त, पुढच्या तुकड्या हिंदी. वडील प्रगतिपुस्तकावर सही करायचे आणि विषयांची निवड झाली, असं समजलं जायचं.

माझी भाची २०२५ साली दहावी झाली. त्या वर्षी अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. तोवर ही भानगड मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती इथल्या लोकांची. सोलापूरकर आपापल्या कॉलेजच्या खिडकीवर उभे राहून अर्ज भरत, फलकावर यादी लागली की बोट फिरवत नाव शोधत. आता घरबसल्या दहा कॉलेजांचे पसंतिक्रम. बहिणीच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, क्लासवाल्यांची गुळगुळीत पत्रकं आणि मागच्या वर्षीच्या कटऑफच्या झेरॉक्स असा पसारा. जेवायला जमिनीवर. मुलगी मधोमध बसलेली आणि भोवती आम्ही सगळे, ज्यांनी स्वतःचा एकही विषय स्वतः निवडला नव्हता.

संस्कृतचा एवढा बोलबाला का होता? सुभाषितांची गोडी होती म्हणावं तर तसं काही नव्हतं. मराठीच्या निबंधात कितीही जीव ओतला तरी गुण हात आखडूनच पडायचे. इंग्रजी पाचवीत सुरू झालेलं, त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलाला दहावीपर्यंत धाकच. संस्कृतात मात्र शब्दरूपं, धातुरूपं पाठ असली की नव्वदच्या पुढे जाता येई. गणिताचे दीडशे : बीजगणित ७५, भूमिती ७५. त्यातल्या भूमितीवर बहुतेकांचा घाम निघायचा, आणि तिथे सांडलेले गुण संस्कृतात भरून यायचे. आमच्या गुरुजींनी हे कधी फळ्यावर मांडून दाखवलं नाही, पण हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का होता. एक विषय चढणीचा, एक टक्क्यांना टेकू देणारा, आणि एक असा की ज्यातून काहीच मिळत नाही, तरी मुलगा त्यासाठी शाळेत येतो.

तो तिसरा विषय आमच्याकडे चित्रकला होती. आठवीला एलिमेंटरी, नववीला इंटरमीजिएट. रविवारी सकाळी चित्रकलेच्या वर्गात बसायचं, स्थिरचित्राच्या मडक्याची सावली कुठे पडते यावर वाद घालायचे. दहावीच्या गुणांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. आता आहे. इंटरमीजिएटला ‘ए’ श्रेणी मिळाली तर दहावीत ७ गुण, ‘बी’ला ५, ‘सी’ला ३. खेळाचेही वाढीव गुण मिळतात. चांगल्या हेतूनेच केलं असणार. पण परिणाम असा की परीक्षेला बसणाऱ्यांची गर्दी वाढली आणि इंटरमीजिएट झाल्यावर ब्रश पुन्हा हातात धरणारी मुलं मला फारशी दिसत नाहीत. ज्या विषयाने ओझं हलकं व्हायचं, तोच ओझ्यात मोजला जाऊ लागला.

काही मुलं नॉर्थकोट शाळेच्या टेक्निकलला जायची. त्यांच्या हाताला कानशीचे घट्टे पडलेले. आम्ही व्याकरण घोकत असताना ती व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा अडकवून काटकोन साधत असत. पुढे डिप्लोमाच्या प्रवेशात टेक्निकलच्या मुलांसाठी काही जागा राखीव असत, त्यामुळे घरच्यांचा विचारही सरळ होता : दहावी, डिप्लोमा, नोकरी. आम्ही त्या मुलांना ‘अभ्यासातली’ समजत नव्हतो. आता बघतो तर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे एमआयडीसीत स्वतःचे कारखाने आहेत आणि आमच्यातल्या अभ्यासातल्यांची पोरं तिथे इंटर्नशिप मागायला जातात.

शहराच्या पूर्व भागातल्या मित्रांचं ओझं वेगळंच होतं, आणि ते कुठल्याच वेळापत्रकात दिसत नसे. घरी तेलुगू. शाळेत मराठी, हिंदी, इंग्रजी, संस्कृत. साखर पेठेतून कन्ना चौकाकडे चालत गेलं तर वाटेत कन्नड आणि दखनीही कानावर पडायची. पद्मशाली विणकरांच्या घरात खालच्या खोलीत माग, माळ्यावर अभ्यास. शाळेतून आल्यावर कांड्या भरायच्या, मग पुस्तक. आई आणि मोठी बहीण दारात सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. ‘झेपेल तेवढेच विषय घे’ असं त्या मुलांना कोण सांगणार? कुचन प्रशालेतली अशी मुलं बोर्डात आमच्या पुढे जायची, तेव्हा आम्ही त्यांच्या पाठांतराचं कौतुक करायचो. ती पाच भाषांचा रोजचा सराव करत होती, हे कौतुक करताना आमच्या ध्यानातही येत नसे.

दहावीनंतर मात्र निवडीला थोडी जागा होती. दयानंद कॉलेज १९४० चं, संगमेश्वर १९५३ चं, त्याशिवाय वालचंद. सायन्सला जाणाऱ्याला पार्क चौकात हमखास विचारलं जायचं, ‘काय करलालास बे, पीसीएम का पीसीबी?’ ज्याला ठरवता येत नसे तो दोन्ही घ्यायचा, म्हणजे गणितही आणि जीवशास्त्रही. घरचे अभिमानाने सांगायचे, ‘आमच्याने दोन्ही ठेवलंय.’ जणू दोन घरं ठेवली आहेत! फक्त इंजिनिअरिंगकडे डोळे लावलेले चतुर विद्यार्थी बायफोकलला जात. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्सचा दोनशे गुणांचा विषय घेतला की दुसरी भाषा सुटे आणि जीवशास्त्रही सुटे. भाषा सुटली याचं दुःख त्या वयात कुणालाच होत नाही. मला आता होतं, पण तो माझा प्रश्न.

या सगळ्यात एक गोष्ट आम्हाला फुकट मिळाली होती : परीक्षा एकच होती. बारावीचा मार्चमधला पेपर झाला की झालं. त्याच गुणांवर वालचंद इन्स्टिट्यूट, त्याच गुणांवर वैशंपायन मेडिकल कॉलेज, त्याच गुणांवर पुणं. एका गुणाने हुकलेली मुलं वर्षभर कढायची, तेव्हा हे काही सुखाचं राज्य नव्हतं. तरी अभ्यास एका दिशेने चालायचा. एप्रिल उजाडला की सोलापूरचं ऊन डोक्यावर घेऊन आम्ही मोकळे. टायपिंगच्या क्लासला नाव घालायचं, हिराचंद नेमचंद वाचनालयातून कादंबऱ्या आणायच्या, दुपारभर पंख्याखाली लोळायचं.

पुढे १९९९ मध्ये राज्याची सीईटी आली. नंतर मेडिकलला नीट सक्तीची झाली. दरम्यान लातूरने आपला ‘पॅटर्न’ उभा केला आणि सोलापूरची मुलं दोन-तीन तासांवरच्या त्या गावात खोली करून राहू लागली. घरच्या बोलण्यात नवे शब्द आले : इंटिग्रेटेड, टेस्ट सिरीज, रिपीट बॅच. कॉलेजात नाव एकीकडे, अभ्यास दुसरीकडे. भाचीच्या वर्गातल्या ज्या मुलांनी आज ‘दोन्ही ठेवलंय’, त्यांचं वर्ष मी एकदा कागदावर मांडून पाहिलं. जानेवारीत जेईई मेनचं पहिलं सत्र, फेब्रुवारीत बारावीची बोर्डाची परीक्षा, एप्रिलमध्ये जेईईचं दुसरं सत्र, त्याला खेटून सीईटी, मेमध्ये नीट. नीटला १८० प्रश्न आणि ७२० गुण, त्यात निम्मे जीवशास्त्राचे. सीईटीत गणिताच्या एका प्रश्नाला दोन गुण, भौतिक आणि रसायनाला एकेक. म्हणजे एकच भौतिकशास्त्र चार वेगवेगळ्या वजनांनी तोललं जातं. एका परीक्षेला पाठांतर चालतं, दुसरीला वेग लागतो, तिसरीला खोली. आमच्या काळात दोन्ही ठेवणं म्हणजे एक जास्तीचा विषय होता. आता दोन्ही ठेवणं म्हणजे दोन जास्तीच्या परीक्षा आणि दोन क्लास.

आमच्या पूर्वपरीक्षा गड्ड्याच्या आसपास असायच्या. गड्डा म्हणजे संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, सात नंदीध्वज, अक्षता सोहळा, होम मैदानावर शोभेचं दारूकाम, आणि पुढे महिनाअखेरपर्यंत पाळणे आणि मौत का कुआं. त्या लाउडस्पीकरच्या आवाजात प्रमेयं पाठ करायची म्हणजे तपश्चर्याच. तरी अक्षता सोहळ्याला न गेलेला मुलगा सापडणं कठीण. आईच म्हणायची, ‘जाऊन ये, देवाचं आहे, पण दारूकामाला थांबू नको.’ आम्ही थांबायचो. भाचीच्या मैत्रिणी गड्ड्याला गेल्या नाहीत, कारण त्याच आठवड्यात क्लासची फुल सिलॅबस टेस्ट होती आणि तिचे रँक पालकांच्या मोबाइलवर येणार होते. पूर्वी यात्रेमुळे अभ्यास बुडाला की घरात बोलणी बसायची. आता बोलणी बसण्याजोगं काही उरलंच नाही.

जुन्या काळाला मी सोवळं नेसवत नाही. हुशार मुलींना ‘बायो घे, गणित झेपणार नाही’ असं तोंडावर सांगणारे मास्तर होते, आणि ऐकणाऱ्या मुली होत्या. ‘क’ तुकडीत टाकलेल्या मुलाला संस्कृत आवडलं असतं का, हे कुणी तपासलं नाही. कॉमर्सला गेलेला म्हणजे सायन्स न मिळालेला, आणि आर्ट्सचं तर नावच काढायचं नाही. सामान्य गणित नावाचा एक पर्याय मधल्या काळात आला, बीजगणित-भूमितीच्या धास्तीने अडकणाऱ्यांना त्याने दहावी पार करून दिली, आणि मग तोही गेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाखांमधल्या भिंती पाडायच्या असं लिहिलं आहे. भाचीच्या अर्जात मात्र आर्ट्स, कॉमर्स, सायन्स असे तीन रकाने होते आणि त्यातल्या एकावरच टिचकी मारता येत होती.

तरीही तेव्हाच्या मास्तरांचा तो न बोललेला हिशेब मला आजच्या पत्रकांपेक्षा शहाणा वाटतो. आमचं ओझं बेताचं राहायचं, कारण दिवसच तेवढा होता. वीज जायची, क्लास एखादाच, पुस्तक एक आणि त्याच्या जोडीला ‘एकवीस अपेक्षित’. मर्यादा बाहेरून पडलेली होती. आता बाहेरून कुणीच थांबवत नाही; व्हिडिओ रात्री दोनलाही चालू असतात आणि प्रश्नपेढीला तळ नाही. तेव्हा एक विषय मुद्दाम अवघड घ्यायचा आणि बाकीचं मुद्दाम कमी करायचं, हे आता घरात बसून ठरवावं लागतं. तसं ठरवणारी घरं मी फार पाहिली नाहीत. बहुतेक घरांत सगळंच अवघड घेतलं जातं आणि मग मुलगी चिडचिडी झाली म्हणून डॉक्टर शोधले जातात.

बहिणीच्या टेबलावर तीन संध्याकाळी खल झाला. मेव्हण्यांचं म्हणणं दोन्ही ठेवावं, पुढचं पुढे. बहीण म्हणाली इंटिग्रेटेडला टाकू, निदान येण्याजाण्याचा वेळ वाचेल. मी संस्कृतचा विषय काढला आणि सगळ्यांनी माझ्याकडे प्रेमाने दुर्लक्ष केलं. भाचीने शेवटी स्वतःच यादी केली. गणित ठेवणार, कारण ते अवघड आहे आणि तिला त्यात झुंजायला आवडतं. जीवशास्त्र सोडणार, बेडकाशी तिचं भांडण आहे म्हणून नव्हे, तर नीट द्यायचीच नाही म्हणून. क्लास फक्त गणित आणि भौतिकचा, रसायन कॉलेजातच. आणि चौथा विषय भूगोल. सायन्सला भूगोल घेता येतो हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मंडळाच्या यादीत तो कायम होता.

‘भूगोलाचं पुढे काय करणार?’ मेव्हण्यांनी विचारलं.

‘काही नाही बाबा. वाचणार.’

क्लासच्या ऑफिसातल्या बाईंनी तीच शंका काढली, तेव्हा तिने मामाकडे बोट दाखवलं. यात माझा काहीही हात नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

कॉलेज सुरू झालं. भूगोलाला मुलं इतकी कमी आहेत की सरांना सगळ्यांची नावं पाठ आहेत, कोण आलं नाही ते त्यांना हजेरी न घेताच कळतं आणि नकाशाची वही रोज तपासली जाते. ‘मामा, हे तर शाळेपेक्षा वाईट आहे,’ अशी भाचीची तक्रार आहे. गणिताबद्दल तिची अजून एकही तक्रार आलेली नाही.