शंभराव्या मैलावरचे घर

"भिंती तयार आहेत. पस्तीस मैलांवर एका आवारात उभ्या आहेत. महिनाअखेरीस त्या घरी घेऊन येतो. तू त्याआधी ये."

धाकट्या भावाचा हा निरोप 2018 च्या ऑगस्टमध्ये दादरला आमच्या तिसऱ्या मजल्यावर येऊन पोचला, तेव्हा ह्यांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला. मग म्हणाले, "तुझ्या भावाची तब्येत बरी आहे ना?" आमच्याकडे जागा घेतात, घर बांधतात, फार तर शेजाऱ्याची भिंत आपल्या हद्दीत आली म्हणून कोर्टात जातात. पण भिंती कुठून तरी उचलून घरी घेऊन येणारा माणूस दोन्ही घराण्यांत झालेला नव्हता. ह्यांचे गुडघे धड नाहीत, म्हणून मी एकटीच निघाले. निघताना मनात काय होते ते पुढे सांगेन. सगळेच काही आनंदाने जाणे नव्हते.

कॅनडाच्या पश्चिम टोकाला ब्रिटिश कोलंबिया नावाचा प्रांत आहे. समुद्रकाठी व्हँकुव्हर शहर. तिथे माझा भाऊ पंचवीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाला, मुले आपापल्या वाटेने गेली, आणि ह्याला खूळ लागले रानात जाऊन ओंडक्यांच्या घरात राहण्याचे. व्हँकुव्हरहून फ्रेझर नदीच्या काठाने मोटारीचा रस्ता वर चढत जातो. दोन्ही बाजूंना कडे, खाली खळाळती नदी, आणि हिरवाई इतकी की आंबोलीची आठवण व्हावी. पण डोंगर ओलांडले की पाऊस मागे राहतो. घाट चढून देशावर यावे तसा सारा रंगच पालटतो. उघड्या पिवळट टेकड्या, खुरटी झुडपे, अंगाला लागणारे कोरडे वारे. मला क्षणभर माणच्या माळरानावर आल्यासारखे वाटले. त्यापुढे जळलेली झाडे सुरू झाली. 2017 च्या उन्हाळ्यात इथे एलिफंट हिल नावाचा वणवा पेटला आणि त्यात 1,90,000 हेक्टरांहून अधिक रान गेले. काळे बुंधे मैलच्या मैल उभे होते. खाली मात्र नवे गवत आले होते. भाऊ गाडी चालवता चालवता म्हणाला, "मागच्या वर्षी आमच्या गावालाही घरं सोडून जायला लावलं होतं." लाकडाचे घर बांधायला निघालेल्या माणसाने हे इतक्या सहज सांगावे याचे मला नवल वाटले.

त्या गावाचे नाव हंड्रेड माइल हाउस. म्हणजे 'शंभर मैलांचे घर'. ही नावाची गंमत 1860 च्या सुमाराची आहे. उत्तरेकडे कॅरिबू भागात सोने सापडले आणि माणसांचे लोंढे तिकडे धावले. त्यांच्यासाठी वाटेवर उतारशाळा निघाल्या. लिलूएट गावापासून जितके मैल, तेच त्या उतारशाळेचे नाव. म्हणून तिथे सत्तर मैलांचे घर आहे, दीडशे मैलांचेही आहे. सोने कधीच संपले, नावे राहिली. आजचे हंड्रेड माइल हाउस ओंडक्यांची घरे घडवणाऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे.

दुसऱ्या दिवशी भिंती पाहायला गेलो. तारेच्या कुंपणाच्या आत चिखलात खरोखरच एक घर उभे होते. छप्पर नाही, जमीन नाही, खिडक्यांच्या जागी नुसती भोके. डग्लस फरचे वीतभर, सव्वा वीत जाडीचे, साल काढलेले ओंडके एकावर एक चढवलेले, मधाच्या रंगाचे. त्यांचा कारागीर साठीच्या घरातला, दाढीवाला, मितभाषी. मनातल्या मनात मी त्याचे नाव सुतारबुवा ठेवले. पाच महिने तो आणि त्याचे दोन गडी हे कोडे जमवत होते.

कोडेच म्हणायचे. झाड काही पट्टीने आखल्यासारखे वाढत नाही. कुठे गाठ, कुठे फुगवटा, कुठे बाक. वरच्या ओंडक्याचे पोट खालच्या ओंडक्याच्या पाठीवर चपखल बसले पाहिजे. त्यासाठी सुतारबुवांपाशी कर्कटासारखे एक हत्यार होते, वर पाण्याचे बुडबुडे असलेल्या दोन नळ्या. एक टोक खालच्या पाठीवरून फिरवायचे, की दुसऱ्या टोकाची पेन्सिल वरच्या पोटावर तेच उंचसखल चितारते. मग त्या रेघेपर्यंत यांत्रिक करवतीने पन्हळ कोरायची. कोपऱ्यातली खोगिरासारखी खाच नेहमी वरच्या ओंडक्याच्या पोटात घ्यायची, म्हणजे तीत पाणी साचत नाही. मी दोन ओंडक्यांच्या फटीत पोस्टकार्ड सरकवून पाहिले. गेले नाही. सुतारबुवांनी ते पाहिले आणि पहिल्यांदा हसले.

माझे वडील कोकणातल्या घराच्या तुळया दाखवताना असेच हसत. पण तो विषय मी त्या दिवशी काढला नाही.

आता सांगते. राजापूरच्या बाजूला आमचे घर होते. ओटी, माजघर, समोर पडवी. 2009 साली ते विकले. भाऊ आला नाही. सहीचे कागद टपालाने आले, वर एक चिठ्ठी, 'तू करशील ते बरोबर.' घेणाऱ्याने आठ दिवसांत छप्पर उतरवले. सागाच्या तुळया मोजून ट्रकवर चढवल्या, त्या वेळी अंगणात आमच्या घरचे म्हणून मी एकटी उभी होते. त्यानंतर नऊ वर्षे आम्ही बोलत होतो, राखी जात होती, पण एक गोष्ट माझ्या मनातून गेली नव्हती. ज्याला वडिलांचे घर पाहायला यायला सवड झाली नाही, तो परमुलखात ओंडक्यांची हौस करतो आहे!

सप्टेंबर संपत आला. ॲस्पेनची पाने हळदीसारखी पिवळी झाली, डोक्यावरून रानहंसांच्या माळा दक्षिणेकडे जाऊ लागल्या. पाहायला सुंदर, पण भावाच्या चेहऱ्यावर रोज एक आठी वाढे. पाया घालणाऱ्या ठेकेदाराने तीन आठवडे उशीर केला होता. आपल्याकडे असे झाले तर पावसाळा गाठतो, तिकडे थंडी गाठते, आणि ती पावसाहून वाईट. जमीन तीन-चार फूट खोल गोठते. मातीतले पाणी गोठले की फुगते आणि वरचे घर उचलते. म्हणून पाया त्या गोठणाऱ्या थराच्याही खाली न्यावा लागतो, आणि ओतलेले काँक्रीट पुरते घट्ट होण्याआधी गोठून चालत नाही. ऑक्टोबरच्या मध्यापूर्वी छप्पर झाले नाही, तर भिंती हिवाळाभर हिमाखाली उघड्या.

त्या मुलखातले मूळचे सेक्वेप्मेक लोक हिवाळ्यासाठी जमिनीत खोल खड्डा करून, वर ओंडके आणि माती घालून त्यात राहत. मला ते फार शहाणपणाचे वाटले. मी तसे बोलूनही दाखवले. भावजय हसली, भाऊ हसला नाही.

भिंती आल्या तो दिवस मात्र विसरणार नाही. तीन ट्रक, आणि एक उंच क्रेन, जिचे भाडे तासावर होते. आवारात प्रत्येक ओंडक्यावर आकडे घालून घर उकलले होते. आता तेच आकडे पाहून पुन्हा रचायचे. क्रेनच्या दोराला लोंबणारा तीस फुटी ओंडका आकाशातून हलकेच उतरे आणि सुतारबुवा दोन बोटांनी त्याला वळवत. प्रत्येक थरावर पन्हळीत लोकर पसरायची असते, वारा आत येऊ नये म्हणून. ते काम माझ्याकडे आणि भावजयीकडे आले. मेंढीची लोकर पिंजून पसरताना आम्हा दोघींचे हात तुपकट झाले. नागपूरच्या तिच्या आजोळी दारावर पिंजारी येई त्याच्या गोष्टी ती सांगत होती. दोन दिवसांत मोकळ्या जोत्यावर घर उभे राहिले.

तेव्हाच मला ह्या घराची खरी गोम कळली. हे घर बसते. आपल्याकडे 'घर बसले' म्हणजे पावसात मातीची भिंत कोसळली. तिकडे ते अपेक्षितच असते. ओले लाकूड वाळताना जाडीत आकसते, फुटामागे पाऊण इंच. म्हणजे आठ फुटांची भिंत तीन-चार वर्षांत सहा इंच खाली येते! म्हणून प्रत्येक खिडकीवर सहा इंचांची मोकळी जागा ठेवून ती फळीने झाकलेली. नाहीतर भिंत बसता बसता काच फोडील. उभा खांब मात्र लांबीत जवळजवळ आकसत नाही. तेव्हा भिंत खाली येणार आणि खांब ताठ राहणार. त्यासाठी खांबाखाली मोठा पेचाचा स्क्रू असतो. भिंत जसजशी बसेल तसतसा मालकाने पान्हा घेऊन तो फिरवायचा आणि खांब खाली घ्यायचा. भाऊ हे मोठ्या अभिमानाने सांगत होता. मी म्हटले, "म्हणजे घर बांधून झालं असं कधी म्हणायचंच नाही का?"

छपराचे वासे चढत होते त्या संध्याकाळी तो माझ्याजवळ आला. हातात पेन्सिल होती.

"ताई, आपली पडवी किती रुंद होती गं?"

"विकली त्या दिवशी यायचं होतंस. मोजून घेतली असतीस."

तो काही बोलला नाही. पेन्सिल कानावर ठेवून शिडी चढला.

रात्री भाड्याच्या खोलीत भावजय बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "ताई, त्या वर्षी ह्यांची नोकरी गेली होती. आठ महिने. तिकिटाचे पैसे नव्हते. तुम्हाला सांगू नका म्हणाले होते."

मला वाईट वाटायला हवे होते. आधी रागच आला. नऊ वर्षे जपून ठेवलेला राग फुकटच होता म्हणायचे; मग आता हा नवा राग कोणावर काढायचा? सांगितले असते तर तिकीट मी पाठवले नसते का? पण ते त्याला ठाऊक होते, म्हणूनच सांगितले नाही, हेही मला कळत होते. रात्रभर झोप नाही.

सकाळी चहा देताना मी म्हटले, "साडेसहा फूट. पायरीच्या बाजूला दोन बोटं जास्त."

"तुला कसं आठवतं?"

"घेणाऱ्याचा माणूस टेप लावत होता. आकडे मी लिहीत होते."

तो लगेच उठून सुतारबुवांकडे गेला. सुतारबुवांचे म्हणणे असे की ओंडक्यांवर पाणी उडू नये म्हणून पाखे रुंद हवीतच, पण तीन फूट पुष्कळ. कोकणात कुडाच्या भिंतीला जे कारण, तेच इथे लाकडाला. साडेसहा फूट म्हणजे वेगळे खांब, वर हिमाचा भार, दोन दिवसांचे जास्त काम. आणि हवामानखात्याने चौथ्या दिवशी हिम सांगितलेले. आता मात्र मीच घाबरले. "राहू दे रे, चार फूट पुरेत," असे मी तीनदा म्हटले. त्याने ऐकले नाही. आमच्या घरात हा एक गुण वडिलांकडून सगळ्यांना आला आहे.

ते चार दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. मुख्य छपरावर फळ्या, मग उबेचा जाड थर, वर पत्रा. पत्रा अशासाठी की हिम आपोआप घसरावे. आतल्या फळ्या निळसर छटेच्या पाइनच्या होत्या. त्या प्रांतात तांदळाच्या दाण्याएवढ्या एका भुंगेऱ्याने पाइनची अफाट जंगले मारली. कडाक्याच्या थंडीत त्याच्या अळ्या मरत. हिवाळे सौम्य झाले आणि त्याचे फावले. त्याच्याबरोबर येणारी बुरशी लाकडाला हा निळा रंग देते. मजबुतीत फारसा फरक पडत नाही, म्हणून लोक त्या फळ्या हौसेने लावतात. पलीकडच्या तळ्याकाठची शेजारची तिघे न बोलावता आली आणि आपली हत्यारे घेऊन छपरावर चढली. त्यांना मी कांदेपोहे घातले. एकाने तिसऱ्यांदा घेतले. चौथ्या दिवशी दुपारी आकाश शिशासारखे झाले. शेवटचा पत्रा दिव्याच्या उजेडात ठोकला, आणि सकाळी उठून पाहतो तो सगळीकडे पांढरे. घर झाकले गेले होते. पडवीचे मात्र नुसते वासे, आणि त्यांच्यावर वीतभर हिम. भावाने झाडू घेऊन ते झाडले, वर ताडपत्री ताणली आणि पुढच्या पंधरवड्यात एकेक पत्रा जमेल तसा लावला.

7 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होते. साडेचार वाजता अंधार पडला. घरात खिडक्या लागल्या होत्या, लोखंडी शेगडी धडधडत होती, जमीन अजून उघडी फळ्यांची. पणत्या कुठल्या मिळायला! कणकेचे दिवे केले. खोबरेल थिजून गेले होते, म्हणून तूप घातले. भावजयीने बांबू मिळेना म्हणून तारेचा आकाशकंदील केला. तो पडवीत टांगला. तिघेही कानटोप्या घालून पडवीत बसलो. बाहेर दहा अंश उणे. मी सवयीने पावलांनी रुंदी मोजली. भाऊ पाहत होता.

"बरोबर आहे का?"

"पायरीकडे दोन बोटं कमी आहे."

रात्री शेगडीच्या उबेने लाकूड कुरकुरत होते. मधूनच एखादा ओंडका बंदुकीच्या बारासारखा तडकला आणि मी अंथरुणात उठून बसले. पलीकडून भावाचा आवाज आला, "झोप, ताई. घर बसतंय."

डिसेंबरात मी परत आले. एप्रिलमध्ये एका सकाळी दूध तापवत होते, तोच फोन आला. नमस्कार नाही, चौकशी नाही.

"दीड इंच आलं खाली. पडवीचे खांब आज उतरवले. आणि ऐक, पायरीकडची ती दोन बोटं..."

दूध उतू गेले. मी गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसले.